सोसावे ते काय?

घोरणे हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. लग्नघरी पाहुणे एका खोलीत झोपले की सकाळी चहाबरोबर कोण कसे घोरत होते याची नक्कल होते आणि सारे पोट धरून हसतात. आम्हीही तीस वर्षे हसलो. हा लेख आम्ही नवराबायकोने मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी घोरणारा कोण आणि जागणारी कोण हे आमच्या आळीला ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. रविवारच्या दुसऱ्या मिस्साला, प्रवचन सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला ज्याची मान खाली जात असे तो आमच्यातलाच. फादरांनी ते मनाला लावून घेऊ नये. तो लोकलमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत आणि दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहतानाही तसाच झोपत असे.

जानेवारी २०२३मध्ये एका लग्नाहून आम्ही मोटारसायकलवरून घरी येत होतो. रात्रीचे अकरा वाजले असतील. रस्त्याच्या एका बाजूला खाजण. नवरा त्या दिवशी प्यायलाही नव्हता. गाडी सरळ रस्त्यावर हळूहळू डावीकडे जाऊ लागली. बायकोला आधी वाटले, खड्डा चुकवत असेल. मग चाक डांबर सोडून मातीत उतरले. ती ओरडली, त्याने दचकून ब्रेक दाबला, आणि गाडी उताराच्या कडेला थांबली. "झोपलात?" तिने विचारले. "नाही गं," तो म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. आपण झोपलो होतो हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

त्या रात्री घरी आल्यावर आमचे मोठे भांडण झाले. या लेखातला प्रश्न त्या भांडणातूनच निघाला आहे.

भांडणात बायकोने एक गोष्ट कबूल केली. नवऱ्याचे घोरणे मध्येच थांबते, मग काही क्षण छाती हलते पण श्वास येत नाही, आणि मग एक मोठा घुसमटल्यासारखा आवाज होऊन घोरणे पुन्हा सुरू होते, हे ती पाच-सहा वर्षे पाहत होती. कितीतरी रात्री ती अंधारात आकडे मोजत बसे. पंधरापर्यंत, वीसपर्यंत. एकदा तीस झाले तेव्हा तिने त्याला हलवून उठवले. पण सकाळी ती काही बोलली नाही. का? तर उगाच कशाला, त्याला वाईट वाटेल, वयाप्रमाणे होतेच, आपण सोसू. आजारपणातही साथ देऊ असे वचन आम्ही लग्नाच्या दिवशी दिले होते, पण घोरण्याला आजारपण म्हणायचे आम्हा दोघांच्याही मनात आले नाही.

डॉक्टरांनी एका रात्रीची झोपेची तपासणी करायला सांगितले. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. अहवाल आला: तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा अगदी अडतो. तासाला पाचपेक्षा कमी असेल तर ठीक मानतात, तीसच्या वर गेले की आजार तीव्र. नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, घशाचा मार्ग मिटतो. फुप्फुसे ओढत राहतात, हवा आत येत नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठ तास अंथरुणात काढूनही तो शिणलेलाच उठतो. रात्रभर दर दीड-दोन मिनिटांनी कोणी दार ठोठावले तर आपली काय गत होईल? तेच.

यावर नवऱ्याचे पहिले म्हणणे असे की, "इतकी वर्षे सोसले, पुढेही सोसू." प्रायश्चित्तकाळ चालू होता, त्यामुळे त्या वाक्याला थोडा धार्मिक वासही होता. आपल्या आईवडिलांनी असेच सोसले. गुडघे दुखत असताना आई भात लावायला गेली, वडील ताप अंगावर काढून वाडीत पाणी लावायला गेले. त्यांची आठवण काढताना आपण त्याचेच कौतुक करतो. मग आपण एक घोरणे सोसू शकत नाही?

बायकोने एकच विचारले: "सोसतंय कोण?"

आम्ही बरेच दिवस याचा विचार केला. आजार नवऱ्याचा होता हे खरे, पण झोप तिची जात होती. मोटारसायकलवर मागे ती बसत होती. खाजणाच्या कडेला गाडी थांबली तिथून दहा पावलांवर एक मुलगा सायकल घेऊन उभा होता, त्याचा तर काहीच संबंध नव्हता. म्हणजे नवरा ज्याला आपले सोसणे म्हणत होता त्याचा बराचसा भार दुसऱ्यांच्या खांद्यावर होता. आणि बायको जे सोसत होती त्याला तरी पुण्य म्हणायचे का? तिच्या गप्प बसण्याने त्याचा आजार पाच वर्षे वाढला. आम्हा दोघांनाही आपण चांगले वागत आहोत असे वाटत होते, आणि दोघांच्याही चांगुलपणात थोडा आळस आणि बरीचशी भीती होती, असे आता वाटते.

ईस्टरनंतर डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी वजन कमी करायला, कुशीवर झोपायला, रात्री दारू न घ्यायला सांगितले, पण एवढ्या तीव्र आजारात तेवढ्याने भागणार नाही, यंत्र लागेल, असेही सांगितले. यंत्राचे नाव सीपॅप. डब्याएवढे असते. त्यातून हवा थोड्या दाबाने नळीवाटे नाकावरच्या मास्कमध्ये येते आणि त्या हवेच्या आधाराने घसा मिटत नाही. हे यंत्र श्वास देत नाही हे नीट समजून घ्यावे. श्वास माणूस स्वतःच घेतो, यंत्र फक्त वाट उघडी ठेवते. "देवाने दिलेला श्वास, त्याला मशीन कशाला?" असे आमच्या एका नातेवाइकाने चष्मा पुसता पुसता विचारले. त्याला आम्ही काही उत्तर दिले नाही.

महिनाभर यंत्र भाड्याने मिळते, तसे आम्ही जूनमध्ये आणले. आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली.

पहिल्या रात्री मास्क चाळीस मिनिटे राहिला. धावत्या लोकलच्या दारात उभे राहून तोंडावर वारा घ्यावा तसे वाटते, असे नवऱ्याचे म्हणणे. श्वास घेणे सोपे, सोडणे अवघड. प्रत्यक्षात दाब फार नसतो. पेल्यातल्या पाण्यात नळी दहा सेंटिमीटर बुडवून फुंकली तर बुडबुडा काढायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच. पण दिवसाचे हे गणित मध्यरात्री उपयोगी पडत नाही. दुसऱ्या रात्री मास्कच्या कडेने हवा फुसफुसत डोळ्यांत जाऊ लागली. त्याने पट्टे घट्ट केले. हवा आणखी निसटली. आणखी घट्ट केले. सकाळी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ, आणि ऑफिसात सगळे विचारतात, "काय झाले?" तिसऱ्या रात्री नाक चोंदले. चौथ्या रात्री तोंड उघडे पडले आणि जीभ लाकडासारखी कोरडी झाली. पाचव्या दिवशी उठला तो पोट फुगवून, कारण झोपेत हवा गिळली गेली होती. सहाव्या रात्री पावसात वीज गेली. सातव्या रात्री त्याने मास्क काढून उशीखाली ठेवला आणि आम्ही दोघेही खोटे खोटे झोपलो.

या प्रत्येक त्रासाला उपाय आहे, हे आम्हाला नंतर कळले. पट्टे घट्ट केल्याने गळती वाढते. यंत्र चालू करून, आडवे पडून, मास्क चेहऱ्यावर हलका बसवायचा असतो. आमचा मास्कच एक माप लहान होता. तो बदलल्यावर वळ गेले. नाक चोंदण्यावर यंत्राला जोडलेले पाण्याचे भांडे, ज्यातून हवा ओलसर होऊन येते. त्यात डिस्टिल्ड पाणी घालायचे, नळाचे नाही. सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रातच असते, तिच्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. तोंड उघडे पडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाकतोंड दोन्ही झाकणारा मास्क. पोट फुगत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचे, ते दाब पाहतात. विजेसाठी आम्ही इन्व्हर्टरची सोय केली. हे सारे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. यंत्र देणाऱ्या माणसाने दहा मिनिटांत बटणे दाखवली आणि तो दुसऱ्या घरी गेला. म्हणून इथे सविस्तर लिहिले. यंत्र नीट न चालण्याला पहिल्या आठवड्यात जो कंटाळतो तो बहुधा पुढेही ते वापरत नाही, असे डॉक्टरांचे अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. तेव्हा ज्याला त्रास होतो त्याने यंत्र कपाटावर टाकण्याआधी एक फोन करावा.

पण एका त्रासाला यंत्रात बटण नव्हते. मास्क लावला की नवऱ्याच्या छातीत धडधडायचे. दिवे मालवले की तो उठून बसायचा. कारण नवव्या रात्री कळले. २०२१च्या एप्रिलमध्ये त्याचा थोरला भाऊ कोरोनाने इस्पितळात होता. व्हिडिओ कॉलवर शेवटचा दिसला तेव्हा त्याच्या तोंडावर असाच मास्क होता, असेच पट्टे डोक्यामागे गेलेले. भाऊ परत आला नाही. "तो मास्क लावला की मला त्याचा चेहरा दिसतो," नवरा म्हणाला. दोन वर्षांत भावाविषयी तो एवढे पहिल्यांदाच बोलला. त्या रात्री मास्क लावला नाही. आम्ही ओट्यावर बसून बोलत राहिलो. ती रात्र यंत्राच्या हिशेबात शून्य तास म्हणून नोंदली गेली आहे.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. झोपायचे नाही, नुसता मास्क घालून बसायचे. संध्याकाळी पाच वाजता, खिडकी उघडी ठेवून, पेपर वाचताना पंधरा मिनिटे. मग अर्धा तास. मग दुपारच्या डुलकीला. एकदा रात्रीच्या रोजरीच्या वेळी त्याने मास्क चढवला आणि "नमो मारिया" म्हणायला तोंड उघडले, तर सगळी हवा तोंडातून अशी सुटली की आमची नात खाली पडून हसू लागली. "आजोबा हत्ती झाले!" त्या दिवसापासून घरात नळीचे नाव सोंड. भावाचा चेहरा लगेच गेला नाही, पण सोंडेपुढे तो थोडा मागे सरला.

याच दिवसांत आमच्यात दुसरा वाद सुरू झाला, आणि आमच्या मते तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. यंत्र रोजचे तास नोंदवते. सकाळी नवरा अंघोळीला गेला की बायको गुपचूप आकडा पाहायची. चारपेक्षा कमी असला की चहाचा कप जरा जोरात ठेवायची. रात्री दोन वाजता मास्क निघालेला दिसला की त्याला उठवायची. त्याला ती परीक्षा घेणाऱ्या बाईंसारखी वाटू लागली. तो म्हणाला, "मी आजारी आहे, गुन्हेगार नाही." ती म्हणाली, "गाडीवर मागे मी बसते."

दोघांचेही खरे होते. माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे आहे, त्यावर काय बांधायचे हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. पण ज्या शरीराच्या शेजारी कोणी झोपते, ज्याच्या मागे कोणी बसते, ते पूर्णपणे एकट्याचे कसे राहील? शेवटी आम्ही तडजोड केली. बायकोने आकडा पाहायचा नाही, विचारायचे नाही, रात्री उठवायचे नाही. नवऱ्याने सकाळी आकडा स्वतःहून सांगायचा. आणि ज्या रात्री चार तासांपेक्षा कमी झाले त्या दिवशी मोटारसायकलला हात लावायचा नाही. रिक्षा करायची, नाहीतर चालत जायचे. चार तास हा काही जादूचा आकडा नाही, पूर्ण झोपेत मास्क असणेच चांगले, पण कुठेतरी रेघ ओढावी लागते. पहिल्या महिन्यात तो बरेच दिवस चालत गेला. पाऊस होता. छत्री घेऊन गेला, पण चावी मागितली नाही.

इथे आम्हाला सोसण्याचा फरक समजला. आजार सोसताना नवऱ्याला काही करावे लागत नव्हते. तो झोपेत होता, जे घडत होते ते घडत होते. उपचार सोसताना त्याला रोज रात्री दहा वाजता, जागेपणी, आपल्या हाताने पट्टा डोक्यामागे ओढावा लागत होता. आजाराला कोणी त्याची संमती विचारली नव्हती. उपचार रोज विचारतो. म्हणून उपचार सोसणे अधिक कठीण. आणि त्याचे कौतुक कोणी करत नाही, उलट हसतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याविषयी लिहिताना म्हटले आहे की धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे नव्हे, टिकून राहणे. हल्ला क्षणात होतो, टिकायला काळ लागतो. हे आपण हुतात्म्यांच्या संदर्भात ऐकतो. त्याच संतांनी दुःखावरच्या उपायांची चर्चा करताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या बरोबरीने झोप आणि स्नान यांनाही जागा दिली आहे, हे मात्र आपण क्वचित ऐकतो. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने आंघोळीविषयी लिहावे याचे आम्हाला आधी हसू आले. त्यांचे म्हणणे असे की शरीर आपल्या योग्य स्थितीला आले की दुःखाचा जोर कमी होतो. झोपेकडे दुर्लक्ष करून आपण कोणतीही तपश्चर्या करत नाही, एवढे यातून आम्ही घेतले. गेल्या वर्षांतली आमची कितीतरी भांडणे केवळ झोप नसल्यामुळे झाली होती. त्यांचे पाप कोणाच्या माथी मारायचे हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

या यंत्राचा जन्मही सोसण्यातूनच झाला. पूर्वी या आजाराच्या तीव्र रोग्यांना गळ्याला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया हाच भरवशाचा उपाय होता. १९८०मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी अशा एका रोग्यावर नाकातून दाबाची हवा देण्याचा प्रयोग केला आणि १९८१मध्ये पाच रोग्यांवरचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या त्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावलेली असे, आणि मास्क चेहऱ्याला चिकटवावा लागे. ते रोगी रोज रात्री चिकटवून घेत. दुसऱ्याला जास्त त्रास होता म्हणून आपला कमी होत नाही, हे खरे आहे. तरीही आमच्या यंत्राची घरघर त्या मोटरच्या मानाने काहीच नसेल, हे नवऱ्याला बरे वाटले.

यंत्राचे गुणगान मात्र मर्यादेत करावे. २०१६मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७१७ लोकांवर, भारतासह सात देशांत. सीपॅपने त्यांच्यातले झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप, घोरणे आणि मनाची उभारी यांत मात्र फरक पडला. त्या लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, त्यामुळे जास्त वापरले असते तर काय झाले असते यावर जाणकारांत वाद आहे. तेव्हा यंत्र लावले म्हणजे हृदयाचा विमा उतरवला असे कोणी समजू नये, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आम्ही गटाबरोबर वेलंकनीला गेलो. यंत्र न्यावे की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. चारचौघांत, एका मोठ्या खोलीत, सोंड लावून झोपायचे! पूर्वीच्या यात्रेत सबंध खोली त्याच्या घोरण्याने जागी राहिली होती आणि तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती. आता शांत झोपायची लाज वाटत होती. शेवटी पिशवीत एक्स्टेंशन बोर्डही घेतला.

पहिल्या सकाळी नळावर दुसऱ्या धर्मग्रामातले एक गृहस्थ भेटले. रात्री अंधारात निळा दिवा पाहून ते घाबरले होते म्हणाले. नवऱ्याने त्यांना सगळे समजावून सांगितले, तास, आकडे, पाणी, पट्टे. ते मान डोलवत होते, पण मन दात घासण्यात होते. त्यांच्या मागे त्यांची पत्नी बादली धरून उभी होती. बादली भरून वाहू लागली तरी तिचे लक्ष नव्हते.

"किती दिवसांत सवय होते?" तिने विचारले.

"अजून होतेय," नवरा म्हणाला.